दारावरचं परकं कुलूप

बाजारात त्याला सगळे 'उलटतपासणी' म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण त्याला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर त्याचा त्याला थोडा अभिमानच वाटायचा. त्याचं किल्ल्यांचं दुकान म्हणजे चौकातल्या औषधांच्या दुकानाला चिकटलेली एक चिंचोळी खोली. भिंतभर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, समोर घासून गुळगुळीत झालेला लाकडी कट्टा, त्यावर कानशी, पकडी आणि किल्ली कापायचं यंत्र. गिऱ्हाईक कट्ट्याशी येऊन उभं राहिलं की यंत्राआधी याचं तोंड सुरू व्हायचं. किल्ली कुणाची? घर कुणाचं? एक आहे ना, मग दुसरी कशाला? ती कुणाकडे राहणार? नुकतंच लग्न झालेला एक जण बायकोसाठी किल्ली करून घ्यायला आला, तर याने त्याला तिथूनच बायकोला फोन लावायला लावला. बायको म्हणाली, "मला नको त्या घराची किल्ली, मी आईकडेच बरी आहे." तो बिचारा तोंड एवढंसं करून परत गेला. औषधवाला खो खो हसला. हा म्हणाला, "हसताय काय? विचारलं म्हणून कळलं."

हा स्वभाव त्याला वडिलांकडून मिळाला होता. वडील जुने कुलूपवाले. त्यांचं दुकान चौकाच्या पलीकडच्या अंगाला होतं. मुलाला कानस धरायला शिकवायच्या आधी त्यांनी माणसाच्या हाताकडे बघायला शिकवलं. ज्याचं घर असतं तो जुडग्यातली नेमकी किल्ली न बघता काढतो, चोर चाचपडतो, असं त्यांचं म्हणणं. वडील थकले तेव्हा मुलाने अलीकडच्या बाजूला ही मोक्याची जागा घेतली आणि जुनी जागा दुसऱ्या एका कुलूपवाल्याने घेतली. हा दुसरा अत्यंत अबोल माणूस. येईल त्याला किल्ली करून द्यायची, चहा पाजायचा, की संपलं. त्याचं नावसुद्धा आपला हा कधी घेत नसे. त्याला तो नुसतं 'पलीकडचा' म्हणायचा, आणि तेही नाक मुरडून.

गेल्या काही वर्षांत गिऱ्हाइकांच्या मागण्या बदलल्या होत्या. न्हाणीघराची आतली कडी काढून टाका. बाहेरून उघडेल असा खटका बसवा. गॅसच्या नळीवर छोटं कुलूप मिळेल का? औषधाच्या कपाटाला लावायचंय. बेडरूमच्या दाराला बाहेरून बोल्ट हवाय. "लहान मुलं आहेत हो घरात," असं सगळेच सांगायचे, आणि याला त्याचा भारी संशय यायचा. एकदा एका बाईंना त्याने छेडलंच, "मुलं केवढी आहेत?" बाई गोंधळल्या, मग रडायलाच लागल्या. मूल नव्हतंच. सासूबाई होत्या. पहाट झाली की जिना उतरून माहेरी जायला निघत. माहेरचं घर पडून जमाना झाला होता.

तेव्हापासून त्याला ओळखता यायला लागलं. न्हाणीघराची कडी म्हणजे घरात म्हातारं माणूस. गॅसचं कुलूप म्हणजे विसरणारं म्हातारं माणूस. बाहेरचा बोल्ट म्हणजे चालतं-फिरतं म्हातारं माणूस, आणि ते सर्वांत अवघड. बँकेतला साहेब, शाळेतल्या बाई, मटणवाला, वकीलसाहेब, सगळे एकेक करून त्याच्या कट्ट्याशी आले होते आणि सगळे सारखंच खोटं बोलले होते. त्याच्या स्वतःच्या घरात पुढच्या खोलीत सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. एकदा तो बायकोला हे सगळं रंगवून सांगायला लागला, तर ती आपल्या आईच्या तोंडात चमचा धरून म्हणाली, "अहो, यात शोध तो काय लावलात? या जिन्यावरच्या प्रत्येक घरात आत्ता कुणीतरी कुणालातरी भरवतंय. विचारून बघा. पण विचारू नका, तुम्ही विचारलं की माणूस दाराला कडी लावून घेतो."

तर असा हा सगळ्या गावाच्या कड्या-कोयंड्यांवरून घरातलं ओळखणारा माणूस. आणि त्याला आपल्याच वडिलांच्या घरातलं काही दिसत नव्हतं.

वडील ताईकडे राहायचे. खरं म्हणजे ताईच वडिलांकडे राहायची. थोरली बहीण, लग्न केलं नाही, एका लॉन्ड्रीत फाटके-उसवलेले कपडे शिवायचं काम करायची. आई गेल्यापासून घर तिनेच सांभाळलं. हा दर रविवारी सकाळी जायचा. बाबा दाढी-आंघोळ करून, निळा स्वेटर घालून खुर्चीत बसलेले असायचे. ते पहिल्यापासून मोजकंच बोलणारे. पण अलीकडे याने विचारावं, "बाबा, पाय कसे आहेत?" आणि ताईने स्वयंपाकघरातून उत्तर द्यावं, "बरे आहेत." याने विचारावं, "जेवण जातं का?" आणि ताईने सांगावं, "व्यवस्थित जातं." बाबांची उत्तरं ताई का देते? त्याच्या मनात पाल चुकचुकली.

मग कुलपांचं सुरू झालं. ताईने दाराचं लॅच बदलून मागितलं. याने नवं बसवलं. महिना गेला नाही तोच ती म्हणाली, "हे सैल झालंय." सैल? त्याचं कुलूप सैल? त्याने दुसरं आणलं, अधिक भारी. तेही तिला चालेना. तिसऱ्या वेळी त्याचं डोकं फिरलं.

"ताई, तू काय खजिना पुरलायस का घरात?"

"नको बसवूस मग," ती म्हणाली. त्यानंतर तिने पुन्हा मागितलं नाही.

आणि एका रविवारी तो गेला तर दारावर परकं कुलूप. त्याने ते बघताक्षणी ओळखलं. ज्या तऱ्हेने पट्टी बसवली होती, स्क्रूची डोकी ज्या सफाईने लाकडात बुडवली होती, ते काम पलीकडच्याचं होतं. सख्ख्या भावाचं दुकान चौकात असताना बहीण परक्याकडे गेली होती, आणि तेही अशा माणसाकडे जो काहीच विचारत नाही. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याला लपवायचं असतं तोच न विचारणाऱ्याकडे जातो, हे त्याला पोटापाण्याच्या धंद्याने शिकवलं होतं.

आत गेल्यावर त्याने दार मुद्दाम नीट न्याहाळलं. आतल्या बाजूला खटका नव्हता. किल्लीचं भोकसुद्धा नव्हतं. सपाट फळी. आतून दार उघडायचंच नाही, अशी सोय.

"किल्ली दे ना मला याची," तो सहज विचारल्यासारखं म्हणाला.

"एकच आहे," ताई म्हणाली. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. तिच्या मनगटावर हिरवट डाग होता.

"हे काय लागलं?"

"कपाटाचं दार."

त्याने बाबांचे हात पाहिले. नखं तुटलेली. बोटांच्या टोकांना खरचटलेलं, एका बोटाला चिकटपट्टी. "आणि बाबांना काय झालं? तेपण कपाटाचंच दार?" ताईने चहाचे कप उचलले आणि ती आत गेली.

आता कुणालाही विचारा, बाहेरून बंद दार, आतून न उघडणारं कुलूप, म्हाताऱ्याची तुटकी नखं. याचा अर्थ काय होतो? त्याने तो काढला. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, "ती बाबांना कोंडून ठेवते. बाबा दार ओरबाडतात. आणि तिच्या मनगटावर त्यांच्याच बोटांची खूण आहे."

बायकोने विचारलं, "तुम्ही ताईंना सरळ विचारलंत?"

"विचारलं. ताकास तूर लागू देत नाही."

"तसं नाही. म्हणजे, 'ताई, जमतंय का तुला?' असं विचारलंत?"

तो म्हणाला, "मी बाबांना इथे आणणार. मागची खोली रिकामी करू."

"आणा," ती म्हणाली. "माझी आई पुढच्या खोलीत, तुमचे बाबा मागच्या, मधे मी. आणा. पण आधी खात्री करा."

खात्री! हा शब्द तिने उगाच उच्चारला. त्याला तेवढंच निमित्त हवं होतं.

लॉन्ड्रीत ताईची पाळी दुपारची असते हे त्याला माहीत होतं. पण तिने त्याला सांगितलं होतं की हल्ली ती शिवणकाम घरी आणते, बाबांना एकटं सोडत नाही. एके दिवशी दुपारी त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं, हत्यारांची पिशवी घेतली आणि लॉन्ड्रीसमोरून गेला. काचेतून ताई दिसली. मान खाली घालून शिवत होती. म्हणजे खोटं बोलली. त्याच्या मनातला उरलासुरला प्रश्नही मिटला.

ताईच्या दाराशी तो पोहोचला तेव्हा आत सामसूम होती. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. इतक्या वर्षांत त्याने कुणाचंही दार मालकाला समोर उभं केल्याशिवाय, शेजाऱ्याची साक्ष काढल्याशिवाय उघडलं नव्हतं. एकदा तर पोलिसालाही त्याने ओळखपत्र मागितलं होतं. आणि आज तो बहिणीच्या दारापुढे गुडघे टेकून, कुणी बघतंय का याकडे एक डोळा ठेवून, पलीकडच्याच्या कुलपात आकडा सरकवत होता. कुलूप चांगलं होतं. हे त्याला कबूल करावं लागलं, आणि त्याचाही राग आला. शेजारचं दार बोटभर उघडलं.

"कोण ते?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"मुलगा आहे मी त्यांचा."

"माहितीये मला," काकू म्हणाल्या, आणि दार लागलं. आत त्या फोनवर कुणाशी तरी बोलताना ऐकू आल्या. इतक्यात कुलूप सुटलं.

बाबा खुर्चीत बसलेले होते, पायांत बूट घालून. समोरच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर कुलपंच कुलपं. गंजकी, मोडकी, जुनाट. काही उघडून सुटी केलेली, पिना वेगळ्या, स्प्रिंगा एका बशीत. आणि त्यांच्यातच त्याने स्वतः बसवलेली ती लॅचं, अगदी खोलून ठेवलेली. बाबांच्या हातात टोक वाकवलेला काटा होता, जेवणाच्या टेबलावरचा.

"बाबा, मी आलोय."

बाबांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे. "कोण आपण?"

"मी, बाबा."

"मी म्हणजे कोण?" त्यांचा आवाज एकदम जुना, दुकानातला झाला. "कुणी पाठवलं? दार कुणाला विचारून उघडलं?"

 आणि अशा वेळी माणसाने काय करावं? बापाजवळ बसावं, त्यांचा हात हातात घ्यावा. पण याला संशयाने पछाडलं होतं. त्याच्या डोक्यात भलतंच आलं: ही सगळी मोडकी कुलपं पलीकडच्याची आहेत! ताई बाबांकडून पलीकडच्याची कामं करवून घेते! थकल्या बापाची बोटं झिजवून! पुरावा आत असणार. तो "बसा हं बाबा, आलोच" म्हणाला आणि आतल्या खोलीत शिरला.

ताईच्या खोलीला आतून बोल्ट होता, नवा. तिच्या पलंगाखाली त्याने वाकून बघितलं. कपाट उघडलं. कपड्यांच्या थप्प्यांमागे हात घातला. तिच्या उशीपाशी बाबांचा शर्ट घडी करून ठेवलेला होता. बरणीत गोळ्या, दिवसाच्या वेगळ्या, झोपेच्या आधीच्या वेगळ्या. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या सगळ्या वरच्या फळीवर, गॅसला कुलूप. गॅसचं कुलूप! ते त्याने हातात धरलं, आणि तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडायला लागला. गॅसचं कुलूप कशासाठी असतं हे गावात त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

तो बाहेर आला. खुर्ची रिकामी होती आणि दार, जे त्याने उघडलं होतं आणि लावायचं विसरला होता, ते सताड उघडं होतं.

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते त्याला तेव्हा कळलं. जिन्यावर कुणी नाही. रस्त्यावर कुणी नाही. तो नुसताच "बाबा! बाबा!" असा ओरडत सुटला. त्या हाकेने खिडक्या उघडल्या. काकू चपला न घालताच खाली आल्या. "निळा स्वेटर का आज?" त्यांनी विचारलं, त्याने मान हलवली. तळमजल्यावरचा टेम्पोवाला काही न विचारता गाडीत बसला, "मी स्टँडवर बघतो, आमचे मामा नेहमी स्टँडवरच जातात." समोरच्या इमारतीतल्या नर्सबाई ड्यूटीवरून नुकत्या आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "मी बाग बघते. माझ्या सासऱ्यांना पाणी दिसलं की ते तिथेच बसतात." एक बाई दारातूनच ओरडली, "मला निघता नाही येत, आमच्या आईंना एकटं टाकता येत नाही, पण मी खिडकीतून नजर ठेवते." कुणी विचारलं नाही की दार कुणी उघडलं, कसं उघडलं. कुणी काहीच विचारलं नाही. प्रत्येकाला असा माणूस कुठे जातो ते ठाऊक होतं, कारण प्रत्येकाच्या घरातून असा एक माणूस केव्हा ना केव्हा निघून गेलेला होता. आणि हा, चौकशीचा बादशहा, रस्त्याच्या मधोमध उभा होता आणि आपला बाप कुठे जाईल हे त्याला सांगता येत नव्हतं.

ताई धावत आली नाही. ती भराभर चालत आली, बोटावर अजून शिवणाचं अंगुस्तान. काकूंनी तिला फोन केला होता. तिने भावाकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं, आणि तिला सगळं समजलं. ती म्हणाली, "चल." बस्स, एवढंच.

ती थेट चौकात गेली. औषधांच्या दुकानावरून, त्याच्या अर्ध्या शटरवरून पुढे, रस्ता ओलांडून, पलीकडे.

बाबा पलीकडच्याच्या दुकानात स्टुलावर बसले होते. हातात कोरी किल्ली, समोर चहा. एक गिऱ्हाईक कट्ट्याशी उभं होतं आणि बाबा त्याच्या हातांकडे बारीक नजरेने बघत होते. पलीकडच्याने ताईला बघून मान डोलावली. "आत्ताच आले. मी फोन करणारच होतो."

 त्याने दुकानाच्या पायरीवर बसकण मारली. जिवात जीव आला.

"नेहमी इथेच येतात?" त्याने विचारलं.

"दार उघडलं की इथेच," पलीकडचा म्हणाला. "त्यांचंच दुकान आहे ना हे. मला दर वेळी विचारतात, तुला कामावर कुणी ठेवलं." तो जरासा हसला. "मी सांगतो, तुम्हीच."

ताई बाहेर येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. बाबांना ऐकू जाणार नाही एवढ्या हळू आवाजात ती बोलली. "तुझी सगळी कुलपं त्यांनी उघडली. काट्याने, हेअरपिनने, एकदा तर नखांनी. काल काय जेवले ते आठवत नाही, पण तू कुठली पिन कुठे घालतोस ते त्यांच्या बोटांना पाठ आहे. तुला त्यांनीच शिकवलंय. तुझं कुलूप त्यांना थांबवूच शकत नाही. म्हणून मी याच्याकडे गेले. आणि ही मोडकी कुलपंही यानेच दिली, फुकट, हात गुंतून राहावेत म्हणून. दुपारी काकू लक्ष ठेवतात. दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते, रात्री बाहेरून कुलूपही त्याच लावतात."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते." तिने श्वास घेतला. "आपल्या काकांना, बाबांच्या भावाला, जेव्हा असं झालं तेव्हा तू काय केलंस आठवतंय? अर्धा दिवस त्यांच्या पोरांना प्रश्न विचारलेस. गोळ्या कोण देतं, तोल कधी जातो, झोपेत किती वेळा उठतात. सगळं नीट विचारलंस. आणि मग म्हणालास, 'हे घरी जमायचं नाही, संस्थेत ठेवा.' त्यांनी ठेवलं. काका तिथे कुणाला ओळखत नव्हते, आणि त्यांनाही कुणी ओळखत नव्हतं. त्या दिवशी मी ठरवलं, बाबांबद्दल तुझ्या हाती एकही उत्तर लागू द्यायचं नाही. आज तू त्यांना न्यायलाच आला होतास ना?"

त्याला हो म्हणायची लाज वाटली आणि नाही म्हणायची सोय नव्हती. "माझ्याकडे न्यायला," तो शेवटी पुटपुटला. "संस्थेत नाही."

"तुझ्या मागच्या खोलीत? तिथून ते पहिल्याच दिवशी बाहेर पडतील. तुझीच कुलपं आहेत तिथे."

आत बाबांनी गिऱ्हाइकाला दटावलं, "ही किल्ली तुमची नाही." गिऱ्हाईक बिचारं पलीकडच्याकडे बघत राहिलं.

"ते मनगट?" त्याने विचारलं.

"रात्री मला ओळखत नाहीत कधीकधी. माझ्या खोलीत कुणीतरी घुसलंय असं वाटतं त्यांना." तिने बाही खाली ओढली. "सकाळी ओळखतात. म्हणून तुला रविवारी सकाळीच बोलावते."

कुलूपवाल्याने आयुष्यात हजारो प्रश्न विचारले असतील, पण जो विचारायचा होता तो त्याच्या जिभेवर यायला त्या पायरीवर बराच वेळ लागला. "ताई, दुपारी मी येऊन बसू का? तू कामावर असताना. दुकान तेवढा वेळ बंद ठेवीन."

ताईने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी नजर तो आजवर गिऱ्हाइकांवर टाकत आला होता. "बघू," ती म्हणाली. "तुझा काय भरवसा? आज येशील, उद्या निकाल लावशील."

"किल्ली देऊ नकोस. बाहेरून कुलूप लाव. मी आत बसतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. पलीकडच्याने कुलूप पुन्हा नीट बसवलं होतं. याने ओरखडे पाडले होते, तेही त्याने घासून काढले होते. हत्यारांची पिशवी याने स्वतःच्या दुकानातच ठेवली होती, नुसते हात घेऊन तो आला होता. बाबा टेबलापाशी होते. त्याला बघून त्यांनी सगळी कुलपं दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढली.

"पोरी," त्यांनी ताईला हाक मारली आणि आवाज बारीक केला, पण तो काही बारीक झाला नाही, बहिऱ्या माणसाचा होतो तसा सगळ्यांना ऐकू जाईल एवढा राहिला. "या माणसाला घरात का घेतलंस? हा कालचाच. पिशवी घेऊन आला होता. याने तुझं कपाट उचकटलं."

"हो बाबा," ताई म्हणाली. "आज नाही उचकटणार."

"अशांचा काही नेम नसतो. तू एक काम कर. माझ्या मुलाला बोलाव. चौकात दुकान आहे त्याचं. त्याला दाखव हा माणूस. तो एका नजरेत सांगेल, हा घरात ठेवण्याजोगा आहे की नाही."

तो दाराशी उभा होता. त्याच्याने कुठे बघवेना. ताईनेही त्याच्याकडे बघितलं नाही. तिने खांद्याला पर्स अडकवली.

"बोलावते," ती म्हणाली, बाहेर पडली आणि दार ओढून घेतलं. कुलूप फिरल्याचा आवाज आला. आता दार आतून उघडणार नव्हतं, ना बाबांना, ना त्याला.

"येईल तो," तो म्हणाला. "मुलगा येईल तुमचा. तोवर मी बसू?"

बाबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. त्याच्या हातांवर त्यांची नजर बराच वेळ थांबली.

"बस," ते म्हणाले. "पण तिकडे, भिंतीपाशी. दाराजवळ नको."

त्याने खुर्ची उचलली आणि भिंतीशी नेऊन ठेवली.